शेजार परवडावा म्हणून

बार्सिलोना शहरातल्या सांत्स भागात कान बात्यो नावाचं जुन्या कापडगिरणीचं मोठं आवार आहे. १९७६ च्या शहर आराखड्यात ही जागा बागेसाठी आणि सार्वजनिक सोयींसाठी राखून ठेवली गेली, आणि पुढची ३५ वर्षं आश्वासनांतच गेली. शेवटी वस्तीतल्या लोकांनी पालिकेला तारीख दिली : ११ जून २०११ पर्यंत काही झालं नाही, तर आम्हीच आत शिरू. ठरल्या दिवशी माणसं खरोखरच आत गेली आणि गिरणीचा एक भाग त्यांच्या ताब्यात आला. तिथे वाचनालय झालं, कार्यशाळा झाल्या, बैठका सुरू झाल्या. त्याच बैठकांतून 'ला बोर्दा' नावाची गृहनिर्माण सहकारी संस्था निघाली. २०१८ मध्ये आवाराच्या कडेला तिची २८ घरांची इमारत उभी राहिली.

गिरणीच्या जागेवर पुढे काय उभं राहतं, याचा मुंबईकर वाचकाचा अनुभव निराळा आहे. म्हणून ला बोर्दाच्या आत जरा फिरून येऊ.

मधोमध चौक आहे आणि चौकाच्या चारही बाजूंनी गॅलऱ्या. प्रत्येक घराचं दार गॅलरीत उघडतं, त्यामुळे घराबाहेर पाऊल टाकलं की समोरच्या मजल्यावरचं माणूस दिसतंच. वाडा किंवा चाळ पाहिलेल्या माणसाला हे नवं वाटणार नाही. स्पेनमध्येही अशा जुन्या चौकवाल्या इमारती होत्या आणि वास्तुरचनाकारांनी त्यांचीच आठवण ठेवली. चौकावर अर्धपारदर्शक छप्पर आहे. हिवाळ्यात ते बंद ठेवून ऊब आत धरतात आणि उन्हाळ्यात उघडून गरम हवा वरून जाऊ देतात. घरं लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन मापांची : साधारण ४०, ६० आणि ७५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वाचारशे ते आठशे चौरस फूट. घरोघरी वॉशिंग मशीन नाही, सगळ्यांचे कपडे एकाच सामायिक खोलीत धुतले जातात. पाहुण्यांच्या खोल्या सामायिक आहेत, पंगत बसेल एवढं स्वयंपाकघरही सामायिक आहे. तळघरात पार्किंग नाही, कारण तळघरच खणलेलं नाही.

इथे राहायला येताना कुटुंबानं १८,५०० युरो भरले, आणि दर महिन्याला ते वापराचं शुल्क भरतं. जमीन पालिकेची आहे, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. इमारत संस्थेची. कुटुंबाकडे आहे तो राहण्याचा हक्क. घर सोडून जाताना भरलेली ठेव परत मिळते, पण घर विकता येत नाही, कारण ते विकायला त्याचं नाहीच. आपल्याकडच्या 'हेवी डिपॉझिट'ची इथे आठवण होईल, पण फरक मोठा आहे. अकरा महिन्यांनी घरमालक करार संपवतो ती धास्ती इथे नाही. हक्क आयुष्यभराचा आहे आणि घरमालक म्हणजे आपणच सगळे मिळून.

अशा राहणीला जगभर को-हाउसिंग म्हणतात. मराठीत सहनिवास म्हणू. प्रत्येकाचं स्वतःचं पूर्ण घर, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं दार. त्याशिवाय सगळ्यांचं मिळून एक सामायिक घर, जिथे आठवड्यातून काही दिवस एकत्र जेवण होतं, मुलं खेळतात, सभा भरतात. कम्यूनसारखा एकच पैशाचा गल्ला इथे नसतो आणि आश्रमासारखा एक गुरूही नसतो. राहणाऱ्यांनीच वसाहत आखायची आणि त्यांनीच चालवायची.

ही कल्पना डेन्मार्कची. यान गुडमंड-होयर या वास्तुरचनाकारानं १९६४ मध्ये काही मित्रांबरोबर कोपनहेगनच्या बाहेर जागा घेतली, पण आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला आणि बेत मोडला. १९६७ मध्ये बोदिल ग्रो या लेखिकेनं 'पोलितिकन' या दैनिकात लेख लिहिला. प्रत्येक मुलाला शंभर आईबाप असावेत, असा त्याचा आशय होता. तो वाचून आणखी कुटुंबं पुढे आली. १९७२ मध्ये सेत्तेदामेन ही २७ घरांची वसाहत पुरी झाली, आणि पुढच्या वर्षी गुडमंड-होयरच्या गटाची ३३ घरांची स्क्रोप्लानेट. पहिल्या बैठकीपासून राहायला जाईपर्यंत त्यांची आठ-नऊ वर्षं गेली. कॅथरिन मॅककॅमंट आणि चार्ल्स ड्युरेट या अमेरिकी जोडप्यानं १९८८ च्या आपल्या पुस्तकातून हा विचार 'को-हाउसिंग' या नावानं इंग्रजीत नेला. अमेरिकेत नव्यानं बांधलेली पहिली वसाहत म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावची म्यूर कॉमन्स : १९९१, २६ घरं.

इथवर सगळं छान आहे. अडचण पुढेच सुरू होते. शेजार हवा असं वाटणारी माणसं सगळ्या थरांत असतात. एकटी आई, नुकता पगार सुरू झालेला तरुण, निवृत्त शिक्षिका यांना तर शेजाराची गरज सर्वांत जास्त. पण राहायला येतात ते बहुतेक शिकलेले, चांगल्या पगाराचे लोक. एकमेकांना आधार देण्यासाठी निघालेली वसाहत ज्यांना आधार हवा त्यांनाच परवडू नये, हे मला या चळवळीचं सर्वांत मोठं दुखणं वाटतं.

असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. एक कारण वेळ. मोक्याची जागा विकायला निघाली की बिल्डर आठवड्याभरात पैसे मोजतो. वीस कुटुंबांच्या गटाला नुसती सभा बोलवायला तेवढे दिवस लागतात. सभा, मतभेद, गळती, नवे सभासद, पुन्हा सभा. त्या सगळ्या काळात आर्किटेक्टची फी, वकिलाची फी, जागेवरच्या कर्जाचं व्याज चालूच राहतं. हा खर्च ज्याच्या गाठीशी पैसा आहे तोच आगाऊ भरू शकतो, म्हणून तळच्या उत्पन्नाची माणसं पहिल्या वर्षातच गळतात. दुसरं कारण आकाराचं. वीस-तीस घरांच्या कामाला कंत्राटदार मोठ्या प्रकल्पाचा भाव देत नाही. तिसरं, सामायिक घराचा खर्च प्रत्येकाच्या घरावर चढतो. चौथं, बँकेच्या फॉर्ममध्ये अशा संस्थेसाठी रकाना नसतो. ला बोर्दालाही नेहमीच्या बँकांकडे काही मिळालं नाही, तेव्हा 'कूप ५७' या सहकारी पतसंस्थेनं हात दिला.

सर्वांत अवघड कारण मात्र वसाहत चांगली चालल्यावर उगवतं. चांगल्या शेजाराची कीर्ती झाली की घरांना मागणी येते, मागणी आली की भाव चढतो. पहिल्या पिढीनं सभांमध्ये घाम गाळून उभी केलेली माया दुसऱ्या पिढीला चौरस फुटाच्या दरानं विकत घ्यावी लागते.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. घर स्वस्तात बांधायचं कसं, आणि बांधलेलं स्वस्त राखायचं कसं. पहिल्यावर पुष्कळ बोललं जातं. माझ्या मते खरी कसोटी दुसऱ्यावर आहे.

पहिल्याची उत्तरं तुलनेनं सरळ आहेत. सहनिवासाचा मोठा फायदा असा की घर लहान केलं तरी राहणं लहान होत नाही. डेन्मार्कमध्येच १९७८ मध्ये टिंगोर्डेन ही वसाहत झाली. ती भाड्यानं देण्याच्या सामाजिक घरांची, म्हणजे विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी. वास्तुरचनाकारांनी प्रत्येक घराचं क्षेत्रफळ साधारण दहा टक्क्यांनी कमी केलं आणि त्या वाचलेल्या जागेतून गटागटाला सामायिक घर दिलं. वरचा खर्च जवळजवळ नाहीच. साठ मीटरच्या घरातून सहा मीटर गेले तर एखादं कपाट आणि पॅसेजचा तुकडा जातो. पण पंधरा घरांचे सहा-सहा मीटर एकत्र आले की ९० मीटरची जागा होते, म्हणजे जवळपास हजार चौरस फूट.

झ्युरिखमधल्या काल्कब्राइटं संस्थेनं हाच हिशेब आणखी पुढे नेला. २०१४ मध्ये त्यांनी ट्रामच्या डेपोवर इमारत बांधली. खाली ट्राम उभ्या राहतात, वर अडीचशेच्या आसपास माणसं राहतात. इथे काही सुट्या खोल्या कुठल्याच घराला जोडलेल्या नाहीत. मुलगी मोठी झाली, तिला वेगळी खोली हवी, किंवा आजीला काही महिने आणून ठेवायचं आहे, तर कुटुंब तेवढ्यापुरती ती खोली भाड्यानं घेतं आणि गरज संपली की सोडतं. आपण मात्र अशा चार-दोन वर्षांच्या गरजेसाठी वीस वर्षांचं कर्ज काढून दोन बीएचकेचा तीन बीएचके करतो.

पार्किंगचा मुद्दा वाचताना किरकोळ वाटतो, बांधताना नाही. तळघर खणणं, पाणी अडवणं, गाड्या फिरतील एवढे खांब लांब ठेवणं हे सगळं महाग काम. ला बोर्दानं पालिकेकडे पाठपुरावा करून भूमिगत पार्किंगची सक्ती टाळली. काल्कब्राइटंचे रहिवासी भाडेकरारातच गाडी न बाळगण्याचं कबूल करतात. दाराखाली ट्राम असल्यावर ते जमतं. जिथे बससुद्धा तासाला एक येते तिथे हे सांगण्यात अर्थ नाही, हेही खरं.

हे सगळे उपाय घराचा पहिला भाव खाली आणतात. दुसऱ्या विक्रीला काय होतं, याचं उत्तर त्यांच्यात नाही. त्यासाठी जमिनीकडे वळावं लागतं, आणि इथे आपल्याला अगदी जवळचं एक नाव भेटतं.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकरांचं दान मिळालं आणि भूदान सुरू झालं. पण भूमिहीनाला दिलेली जमीन अडीअडचणीत पुन्हा सावकाराकडे जाऊ शकते, हे लवकरच ध्यानात आलं. त्यातून ग्रामदान पुढे आलं : जमिनीची मालकी गावाची, कसायचा हक्क कुटुंबाचा, आणि गावाबाहेर विकायला बंदी. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २०१३ मध्ये ग्रामदान केलं, ते त्याच कायद्याखाली.

ही कल्पना समुद्रापार गेली. अमेरिकेतले शांतिवादी कार्यकर्ते बॉब स्वान आणि त्यांचे गुरू राल्फ बोर्सोदी यांच्यावर ग्रामदानाचा प्रभाव होता. जॉर्जिया राज्यातल्या आल्बनी गावचे कृष्णवर्णीय नेते स्लेटर किंग यांना एक प्रश्न छळत होता. मताचा हक्क बजावायला गेलेल्या कुळांना गोरे जमीनदार रातोरात शेतावरून हाकलून देत; मग या माणसांच्या पायाखाली हक्काची जमीन कशी आणायची? किंग, स्वान आणि चार्ल्स व शर्ली शेरॉड यांच्यासारखे सोबती एकत्र आले. इस्रायलमधली भाडेपट्ट्याची शेतीही त्यांच्यातल्या काहींनी जाऊन पाहिली. १९६९ मध्ये 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था निघाली. तिच्याकडे सुमारे ५,७०० एकर जमीन होती, त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हातातली सर्वांत मोठी. दुष्काळ पडला तेव्हा सरकारी शेतीकर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ मध्ये जमीन लिलावात गेली. कर्ज देताना भेदभाव झाला होता याची भरपाई म्हणून २००९ मध्ये संस्थेला १.२ कोटी डॉलर मंजूर झाले. जमीन गेली, पण तिच्यावर उभा राहिलेला विचार टिकला. इंग्रजीत त्याला कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात. आपण लोकभूमी न्यास म्हणू.

त्याचं काम असं चालतं. जमीन न्यास घेतो आणि कधीच विकत नाही. वरचं घर कुटुंब विकत घेतं, त्यामुळे भावातून जमिनीचा हिस्सा वजा होतो. घर सोडताना कुटुंबाला आपले पैसे मिळतात, शिवाय भाववाढीतला ठरलेला वाटा. व्हर्मांट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात बर्नी सँडर्स महापौर असताना १९८४ मध्ये पालिकेनं दोन लाख डॉलर देऊन असा न्यास सुरू केला. तिथे हा वाटा २५ टक्के ठेवला होता.

आपल्या आकड्यांत ढोबळपणे मांडून बघू. समजा घर बाजारात ५० लाखांचं आहे. जमिनीचे १५ लाख न्यासानं उचलले, कुटुंबानं ३५ भरले. दहा वर्षांनी बाजारभाव ८० लाख झाला, म्हणजे वाढ ३० लाखांची. जाणाऱ्या कुटुंबाला आपले ३५ आणि वाढीतले साडेसात, असे साडेबेचाळीस लाख मिळतात, आणि नवं कुटुंब साडेबेचाळीस भरूनच आत येतं. पहिल्या दिवशी घातलेले १५ लाख आता साडेसदतीस लाखांची सवलत देतायत, वर एक रुपयाही न घालता. सरकारनं तेच १५ लाख पहिल्या कुटुंबाच्या हातात अनुदान म्हणून दिले असते, तर त्या कुटुंबाला भाववाढ पुरी मिळाली असती आणि दुसऱ्या कुटुंबासाठी पाटी कोरीच राहिली असती.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात ट्रॉय गार्डन्स इथे न्यास आणि सहनिवास यांची सांगड घातली गेली. ३१ एकरांच्या जागेतल्या पाचेक एकरांवर ३० घरं बांधली, बाकी जागेत भाजीची शेती आणि गवताळ रान राखलं. तीसपैकी २० घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी.

जमिनीऐवजी मालकीच्याच चौकटीत बदल करणारं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या लीड्स शहरातलं 'लायलॅक'. बंद पडलेल्या एका शाळेच्या जागेवर २० घरं, लाकडाच्या चौकटीत गव्हाच्या काडाचा पेंढा ठासून भरलेल्या भिंतींची. २०१३ मध्ये लोक राहायला आले. २० घरांना गाड्यांच्या जागा दहाच. पण या वसाहतीतली सर्वांत मोठी कारागिरी तिच्या हिशेबाच्या वहीत आहे. तिथे घराची किंमत विचारत नाहीत, तुमचं उत्पन्न विचारतात. प्रत्येक कुटुंब करवजा उत्पन्नाच्या ३५ टक्के रक्कम संस्थेला देतं. देखभालीचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे हिस्से त्याच्या नावावर जमतात. शेजारीशेजारी एकाच मापाच्या घरात राहणाऱ्या दोघांपैकी एक जास्त भरतो आणि एक कमी, आणि ज्याच्या त्याच्या भरण्याप्रमाणे ज्याचे त्याचे हिस्से. पगार वाढला की भरणा वाढतो, पगार घटला की भरणा उतरतो. घर सोडताना हिस्से परत घेतले जातात, पण त्यांचा भाव देशातल्या सरासरी कमाईशी बांधलेला आहे, घरांच्या बाजाराशी नाही. नव्या माणसाला घर परवडायचं तर त्याचा भाव माणसांच्या पगाराबरोबर चालायला हवा, इतकी ही साधी गोष्ट. ती इतक्या थोड्या ठिकाणी केलेली दिसते, याचंच मला नवल वाटतं.

लायलॅकची मर्यादाही सांगायला हवी. कर्ज फेडायचं असतं, म्हणून सुरुवातीला दहा टक्के रक्कम भरावी लागते, आणि प्रत्येक मापाच्या घराला उत्पन्नाची किमान अट आहे. ज्याचं उत्पन्न त्या रेषेच्या खाली, त्याच्यासाठी ३५ टक्क्यांचं सूत्र अपुरं पडतं. अगदी तळच्या माणसापर्यंत पोचायला सरकारी जमीन किंवा सरकारी पैसा लागतोच. झ्युरिखच्या मतदारांनी २०११ मध्ये कौल दिला की २०५० पर्यंत शहरातली एक तृतीयांश भाड्याची घरं नफा न घेणाऱ्या संस्थांची असावीत. पालिका सहकारी संस्थांना जमीन भाडेपट्ट्यानं देते आणि संस्था खर्चाएवढंच भाडं आकारतात. काल्कब्राइटं उभी राहिली ती या पाठबळावर.

आता भाव खाली राखणाऱ्या कुलुपाबद्दल. भावावर बंधन घालणारा नियम रहिवाशांनीच केला असेल, तर उद्या तेच तो बदलू शकतात, आणि भाव चढलेला असताना मोह मोठा असतो. डेन्मार्कमध्ये १९८१ पासून सहकारी हिश्श्यांच्या रूपानं सहनिवास उभे राहू लागले, कर्जाला सरकारचं साह्य होतं, आणि साध्या पगाराची माणसं आत आली. पुढे हिश्श्यांच्या किमतींचे नियम सैल होत गेले, २००५ पासून हिस्से तारण ठेवून कर्ज काढायची मुभा मिळाली, आणि कोपनहेगनमध्ये एके काळी स्वस्त असलेले सहकारी हिस्सेही महागले.

जर्मनीतल्या 'मीत्सहॉयझर सिंडिकाट'नं यावर काढलेली तोड मला फार आवडते. फ्रायबुर्गमधून सुरू झालेल्या या जाळ्यात आता दीडशेहून अधिक घरं आहेत. प्रत्येक घराच्या मालकीसाठी एक छोटी कंपनी असते आणि तिचे भागीदार दोनच : राहणाऱ्यांची संस्था आणि सिंडिकाट. रोजचा कारभार, भाडं, कोण राहायला येणार, हे सगळं राहणारे ठरवतात. घर विकायचं म्हटलं तर मात्र दोघांची मतं लागतात, आणि सिंडिकाटचं उत्तर कायम 'नाही' असतं. पेटीला दोन किल्ल्या, आणि दुसरी किल्ली ज्याला भावाचा मोह नाही त्याच्याकडे. कर्ज फिटलेली जुनी घरं भाड्यातला थोडा भाग नव्या घरांसाठी काढून ठेवतात.

उरुग्वेमध्ये हे कुलूप फोडायचा प्रयत्न एकदा खरोखरच झाला होता. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यानं तिथे परस्पर-श्रमाच्या सहकारी संस्थांना वाट मिळाली. पैसा नसेल तर श्रम भरा : प्रत्येक कुटुंबानं बांधकामावर आठवड्याला २१ तास द्यायचे. नोकरी करून आलेली माणसं संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी विटा रचत. कुठलं घर कुणाचं, हे शेवटी ठरायचं, म्हणजे प्रत्येक भिंत आपलीच समजून बांधली जायची. घरं झाली ती संस्थेच्या नावावर. कुटुंबाला वापराचा हक्क. १९७० मध्ये या संस्थांचा 'फुकवाम' हा महासंघ झाला. पुढे लष्करी राजवट आली, आणि १९८३ मध्ये तिनं कायदा आणला की संस्थांची मालकी मोडून ही घरं प्रत्येकाच्या खासगी नावावर करावीत. वरवर पाहता हे बक्षीसच होतं. घर नावावर होतंय, विकायलाही मोकळं. फुकवामनं नकार दिला आणि सार्वमताची मागणी केली. २६ फेब्रुवारी १९८४ च्या रविवारी, हुकूमशाही चालू असताना, माणसं दारोदार फिरली आणि एका दिवसात तीन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास होती. ला बोर्दाच्या सभासदांनी आपली चौकट बेतताना समोर ठेवलेले नमुने दोन : एक डेन्मार्कचा, दुसरा हा उरुग्वेचा.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाच्या वर, नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. परवा देखभालीचा चेक द्यायला गेलो तेव्हा ते पहिल्यांदाच नीट वाचलं. संस्थेचा वर्ग : गृहनिर्माण संस्था. उपवर्ग : भाडेकरू सहभागीदारी. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या भिंतीवर हेच शब्द असतात. ते उगाच आलेले नाहीत. २८ मार्च १९१५ रोजी मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली, रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तलमकी यांच्या पुढाकारानं. तिची रचना अशीच होती : जमीन आणि इमारत संस्थेची, सभासद हे संस्थेचे भाडेकरू आणि त्याच संस्थेचे भागीदार. इंग्लंडमध्ये तेव्हा हा विचार जोरात होता, आणि मुंबईत भाड्याच्या खोल्यांत पिचणाऱ्या मध्यमवर्गासाठी तलमकींनी तो आणला. ला बोर्दाचं वर्णन करायला आज जे शब्द वापरावे लागतात, ते आपल्या कागदावर शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत.

कागदावर राहिले, व्यवहारातून गेले. आमच्याच मजल्यावरचा फ्लॅट गेल्या वर्षी विकला गेला. सोसायटीला हस्तांतरणापोटी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त मिळतात ते २५,००० रुपये मिळाले. जागेची वीस वर्षांत वाढलेली किंमत विकणाऱ्याबरोबर गेली. तो माणूस लोभी नव्हता. त्यालाही पुढचं घर याच बाजारात घ्यायचं होतं. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं. दोघंही सकाळी साडेसातला बाहेर पडतात आणि रात्री नऊला परततात, हप्ता तेवढा मोठा आहे. शेजारी म्हणून आमची ओळख अजून लिफ्टपुरतीच आहे.

निवृत्तीनंतर मित्रमैत्रिणींनी मिळून जागा घेऊ आणि जवळजवळ राहू, हे बोलणं हल्ली अनेक घरांतून ऐकू येतं. अशा गटाला माझं सांगणं एवढंच की नकाशा काढायच्या आधी बाहेर पडण्याचा ठराव लिहा. कुणी वारलं, कुणी मुलाकडे निघून गेलं, कुणाला पैशाची नड आली, तर त्याला किती परत मिळणार, तो आकडा कशाशी बांधलेला असणार, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला किती भरावं लागणार. तेव्हा सगळे एकमेकांचे मित्र असतात आणि कुणाच्याच घराला अजून भाव आलेला नसतो, म्हणून हा कागद त्या पहिल्या महिन्यातच लिहून होतो. जोत्याचं काम त्यानंतर काढा.